प्रोसेसर बदलताना मुलांचे कान तपासा, तेही गोंगाटात

मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री,
स.न.वि.वि.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना तिला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेपर्यंत आवाज पोचवणारं यंत्र, शस्त्रक्रियेने बसवलं. आतला भाग जन्मभर टिकावा अशाच हिशेबाने बसवतात. बाहेरचा आवाज टिपून आत पाठवणारा कानामागचा प्रोसेसर मात्र रोजचा घाम, धूळ, पावसाळी दमट हवा आणि शाळेतली ढकलाढकली सोसतो. तो बंद पडला की तिला काहीच ऐकू येत नाही. तिच्या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेत २०१४ साली केंद्राने एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवली आणि कितीतरी गरिबाघरची मुलं बोलती झाली. त्याचे उपकार आम्ही पालक विसरणार नाही. तीच मुलं आता मोठी होताहेत, त्यांचे प्रोसेसरही जुने होताहेत. केरळ सरकारने श्रुतितरंगम योजनेत प्रोसेसर बदलून देण्याचं काम हाती घेतलं. देशभर तशी सोय करावीच लागेल. पण ती करताना नवा प्रोसेसर कोणत्या कसोटीवर निवडणार, हे आधी ठरवा. हे पत्र त्यासाठी आहे.

गेल्या महिन्यात आम्हाला एक नवा प्रोसेसर ट्रायलला मिळाला. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे कानाची श्रवणशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, बंद खोलीत चाचणी घेतली. जुन्याचा आणि नव्याचा आलेख जवळजवळ सारखाच आला. कुणी तेवढाच कागद पाहिला तर म्हणेल, बदलायची गरजच नाही.

घरी वेगळंच दिसलं. आम्ही रोज सकाळी तिच्या पाठीमागे उभं राहून सहा आवाज काढतो: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की ती डब्यात मणी टाकते आणि तो आवाज म्हणून दाखवते. जुन्या प्रोसेसरवर पंखा चालू असला की ‘स’ हरवायचा. ‘साल’ म्हटलं की ती ‘शाल’ म्हणायची. नवा प्रोसेसर पहिले दोन दिवस ती काढूनच टाकत होती, आवाज टोचतो म्हणाली. मॅपिंग, म्हणजे तिला सोसेल तसं प्रोसेसरचं सेटिंग, पुन्हा करून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात कुकरची शिट्टी होत असताना मी दाराशी उभी राहून ‘साल’ म्हटलं आणि ती वळून ‘साल’च म्हणाली. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

साहेब, शाळेचा वर्ग बंद खोलीसारखा शांत नसतो. म्हणून चाचणी गोंगाटात घ्या, आणि मराठी मुलाची मराठी वाक्यांवर घ्या. नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा तासाभराच्या तपासणीवर निर्णय नको. काही आठवडे घरी वापरायला द्या. मूल दिवसाचे किती तास प्रोसेसर लावतं याची नोंद बहुतेक नव्या यंत्रांत आपोआप होते, तीही पाहा. शिक्षकांना विचारा. मुलालाही विचारा, ते सगळ्यात खरं सांगतं. आणि कृपा करून निव्वळ कमी दराच्या निविदेवर खरेदी करू नका. नवा प्रोसेसर जुन्या इम्प्लांटशी जुळतो का आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आपल्याच खात्याची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून वांद्र्यात आहे. मराठीतल्या अशा चाचण्यांची एक ठरलेली पद्धत त्यांच्याकडून बसवून घेता येईल. तालुक्याच्या गावातल्या आईला त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागू नयेत, एवढं पाहा. जिल्हा रुग्णालयातला ऑडिओलॉजिस्ट हे करू शकेल.

ट्रायलचा प्रोसेसर सोमवारी परत करायचा आहे. जुन्याची वायर चिकटपट्टी लावून पुन्हा तयार ठेवली आहे.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातली एक आई