आठ तासांचे साडेपाच कसे होतात

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांचा प्रश्न फोनवर उलगडला नसता, म्हणून लिहिते. धाकटा घरून काम करताना आठ तास खुर्ची सोडत नाही आणि कामाचा वेळ नोंदवणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर साडेपाचच दाखवतं, यात लबाडी असेलच असं नाही. काम मोजायची त्या सॉफ्टवेअरला सोयच नाही.

बाबा, मागावरचा पिक काउंटर आठवा. आडवा धागा नेणारा धोटा किती वेळा गेला एवढंच तो मोजतो. माग धागा तुटून थांबला की लाइट जाऊन, त्याला काय कळणार? इथे धोट्याच्या जागी कीबोर्ड नि माऊस. सगळ्यात पुढे कुठली विंडो आहे आणि शेवटचा हात कधी लागला, एवढं सॉफ्टवेअर सतत टिपतं. मागे दहा विंडो उघड्या असोत, वेळ पुढच्या एकीच्याच नावावर. ठरलेली मुदत, समजा पाच मिनिटं, हात लागला नाही की वेळ ‘आयडल’, म्हणजे रिकामा.

खरी मेख पुढेच आहे. बारा मिनिटं नुसतं वाचत बसलं तर काही सॉफ्टवेअर मुदतीनंतरची सात कापतात, काही मागे जाऊन पूर्ण बारा. पूर्ण बारा असे पाचदा कापले की तास गेला! मोबाइलवर गिऱ्हाईकाशी बोलणं, वहीत हिशेब, हे तर दिसतच नाही. तेव्हा मुदत किती आणि कापतात कुठून, हे त्याने साहेबांना विचारावं, आणि असा वेळ हाताने भरायची सोय असेल तर त्याच दिवशी भरावा. ट्रेनिंगचा व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या ‘टाइमपास’ गटात पडत असेल तर तो गट सहसा साहेबच बदलू शकतात.

लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी लॅपटॉप चालू असेल तोवर नोंद सहसा त्यातच साठते, नेट आलं की वर जाते. माऊस आपोआप हलवणारं यंत्र मात्र घेऊ देऊ नका. बाण हलतो, पण विंडो बदलत नाही, बटणं दाबली जात नाहीत. रिपोर्टात ते उघडं पडू शकतं.

आई, कॅमेऱ्याची एवढी धास्ती नको, जपायचं ते स्क्रीनशॉटला. काही सॉफ्टवेअर दर थोड्या मिनिटांनी पडद्याचा फोटो घेतात. बाबांचं पेन्शनचं खातं किंवा तुझं व्हॉट्सअॅप त्या लॅपटॉपवर उघडू नका. बँकेचं काम बाबांच्या मोबाइलवरच करा.

तुमची,
ताई