आत्याबाईंची मालिका

उदगीर,
14 डिसेंबर 2024

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू 'आई कुठे काय करते' मालिकेचा एका वाक्यात निकाल लावलास. "संपली ते बरं झालं, दोन वर्षांपूर्वीच संपायला पाहिजे होती." तेवढ्यात तुझी नात रडायला लागली आणि तू फोन ठेवलास. माझं बोलायचं राहूनच गेलं. फोनवर माझं नेहमी असंच होतं बघ, मला उत्तर सुचेपर्यंत समोरची जेवून झोपलेली असते. म्हणून हे पत्र. दुकानातल्या पोराला पाकीट मागितलं तर म्हणाला, "आहेराचं का?" साधं पाकीट शोधायला त्याला पाच मिनिटं लागली.

तर 'आई कुठे काय करते' बिघडली, हे मला मान्य आहे. कधी आणि कशी बिघडली, यावर मात्र आपलं जमत नाही. शिवाय आमच्या घरात ती शेवटपर्यंत बिघडली नव्हती. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या लेखी. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. तुला सांगणार आहे, पण जरा दमानं.

2019 च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हा मी दोन-तीन दिवस नाक मुरडलं होतं. म्हटलं, आणखी एक सोशीक बाई आली. पण सुमे, ते नावच असं होतं की टाळता येईना. आपल्यातल्या कुठल्या बाईनं हे वाक्य ऐकलं नाही सांग. मी सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पगार आणला, तरी माझ्या लेकानं शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय 'गृहिणी' लिहिला होता! विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांनी तेच लिहिलं."

तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला. शूटिंगं बंद, जुनेच भाग पुन्हा पुन्हा. जुलैत नवे भाग सुरू झाले तर नायिकेच्या नवऱ्याच्या बाहेरच्या बाईचा, संजनाचा चेहराच बदललेला. आधी दीपाली पानसरे होती, तिच्या जागी रुपाली भोसले आली. आत्याबाईंनी विचारलं, "ही कोण?" म्हटलं, "तीच आहे, संजना." त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजारातून उठली काय की बिचारी." त्या दिवसांत माणसं खरंच ओळखू येत नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही.

पहिली दीड-दोन वर्षं ती मालिका चांगली होती, यावर मी भांडायला तयार आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण बाईच्या डोळ्यांसमोर येतं, ही गोष्ट काही नवी नाही. पण मधुराणी प्रभुलकरनं ती अरुंधती उभी केली ती हातांनी. रडताना तिचे हात काहीतरी आवरत असायचे. पदर, ओटा, कुणाचा तरी डबा. आपली बाई अशीच रडते. पाटावर बसून, गालावर हात ठेवून रडायला आपल्याला वेळ कधी होता? आणि तो अनिरुद्ध काळ्या चष्म्यातला खलनायक नव्हता. बँकेच्या रांगेत आपल्यापुढं उभा असतो तसा माणूस होता. सासू कांचन लेकाच्या बाजूनं, सासरे अप्पा सुनेच्या बाजूनं. सगळं कसं ओळखीचं. घटस्फोट झाला आणि ती सासरच्या घरातून, 'समृद्धी'तून बाहेर पडली, तिथं ती मालिका संपायला पाहिजे होती. तू 'दोन वर्षांपूर्वी' म्हणालीस ना? मी तर म्हणते तीन.

पण तुझं दुसरं म्हणणं मला पटलं नाही. "रेंगाळली" म्हणालीस. अगं, मालिकेनं रेंगाळायलाच पाहिजे! 'चार दिवस सासूचे' आठव. रोहिणी हट्टंगडींची. 2001 ते 2013, तीन हजारांच्या वर भाग. त्या काळात इकडं लोडशेडिंग असं की वीज कधी येईल हे देवालाही ठाऊक नसायचं. आठवड्यातले तीन भाग बुडायचे. तरी नळावर कुणाचं काही अडलं नाही. आमच्या शेजारच्या एका बाईची बहीण लातूरला होती, तिच्याकडून फोनवर गोष्ट यायची आणि सकाळी नळावर आम्हाला मिळायची. पुढं कळलं की बहिणीचा फोन तर कधीच बंद पडलेला, बाई स्वतःच रचून सांगायच्या! आणि खरं सांगते, त्यांच्या भागांत मजा जास्त होती. चार दिवस चुकले तरी धागा हाताला लागावा, ही मालिकेची सोय आहे. हळू चालते म्हणून ती वाईट ठरत नाही. बैलगाडी हळू चालते, म्हणून कुणी तिला बिघडलेली म्हणतं का?

बिघाड दुसरीकडं आहे. माझ्या भाच्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं की ही गोष्ट मुळात बंगाली. 'श्रीमोयी' म्हणून मालिका होती, 2019 च्या जूनमध्ये सुरू झाली. मग आपली आली, मग हिंदीत 'अनुपमा', तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड. एकच बाई सात भाषांत नांदत होती म्हण. बंगालीतली 2021 च्या डिसेंबरात, अडीच वर्षांत संपली. आपली पाच वर्षं चालली आणि हिंदीतली तर अजून चालू आहे. आता अडीच वर्षांच्या कापडात पाच वर्षांचं लुगडं कसं व्हायचं? ठिगळं लागणारच.

आणि थांबवणार तरी कोण? दर गुरुवारी म्हणे आकडे येतात, कुणाला किती लोकांनी पाहिलं त्याचे. साडेसातला ही पहिल्या नंबरांत. दुधावर असलेली देवणी गाय कुणी बाजारात नेतं का? भाकड होईपर्यंत दावणीला ठेवायची. त्यात आठवड्याला सहा भाग. कथा एक लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. मी वर्गात निबंध तपासायची ना, तेव्हा चार पोरांनी मिळून लिहिलेला निबंध लगेच कळायचा. पहिल्या परिच्छेदात आजोबा वारलेले आणि तिसऱ्यात तेच आजोबा जत्रेला चाललेले.

इथं तेच झालं. माणसं स्वभाव सोडून वागायला लागली. कांचनबाई सुनेच्या दुसऱ्या लग्नाला आडव्या गेल्या, ते मला पटलं, ती बाई तशीच होती. पण मग पंधरा दिवस माया, पुढचे पंधरा दिवस तोंडसुख, पुन्हा माया. अनिरुद्ध सुधारला, फिरला, पुन्हा सुधारला. आपल्याला सगळं आठवतंय आणि लिहिणाऱ्यांना कालचं आठवत नाही, असं झालं. आणि ते घर! बाईनं घटस्फोट घेतला, स्वतःच्या पायावर उभी राहिली, गाणं केलं, आशुतोषशी लग्न केलं, तरी जेव्हा बघावं तेव्हा आपली 'समृद्धी'च्या दिवाणखान्यात उभी. का, तर सेट तिथं लागलेला आहे! मला याचा फार राग यायचा. अगं, सुटलेली बाई त्या घरात रोज कशाला येईल?

यांचं म्हणणं, एवढा राग येतो तर बघू नकोस. पण यांना काय, यांच्या बातम्या रोज बिघडतात तरी बघतातच. 2022 च्या एप्रिलात इथं 95 वं साहित्य संमेलन भरलं होतं, भारत सासणे अध्यक्ष. गाव नुसतं फुललं होतं. मी पास मिळवून पहिल्या दिवशी गेले आणि सात वाजता मांडवातून उठून आले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालात?" म्हटलं, "सासूबाईंच्या गोळ्या आहेत." त्यापण उठल्या. म्हणाल्या, "माझ्यापण सासूबाईंच्या."

आता ते सांगायचं राहिलेलं.

आत्याबाई सत्त्याऐंशीच्या झाल्या. कान तर केव्हाचे गेले. मशीन आणलं, ते डब्यात आहे. त्यात "गिरणी चालल्यागत" आवाज येतो म्हणतात. त्यामुळं त्या टीव्हीवर फक्त तोंडं बघतात आणि मी शेजारी बसून कानात संवाद सांगते. सुरुवातीला मी जसंच्या तसं सांगायची. मग एक दिवस कांचनबाई अरुंधतीला काहीतरी इतकं विचित्र बोलल्या की माझ्यानं ते उच्चारवेना. मी आपलं म्हटलं, "म्हणतेय, जेवून जा." आत्याबाई खूश. "हां, तशी चांगलीय ती. तोंडानं फटकळ."

तिथून मला सवय लागली. एखाद्या पात्राचं बोलणं त्याला शोभत नसलं की मी बदलायची. नंतर पुरते भागच बदलायला लागले. अरुंधती दिवाणखान्यात उभी दिसली की मी सांगायची, "पोरांना भेटायला आलीय, निघालीय लगेच." मी काय, नळावरचीच परंपरा चालवत होते.

2024 च्या सुरुवातीला त्यांनी आशुतोषला अपघातात मारला, तेव्हा मात्र माझा इलाज चालेना. फोटोला हार घातलेला, आता त्याला काय सांगणार? आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येतो बघ वापस. त्या तुलशीचा नवरा नव्हता का आलता." 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला, लोकांनी गोंधळ घातला आणि त्याला जिवंत करावं लागलं, ते त्यांना वीस-बावीस वर्षांनीपण लक्षात. आशुतोषची त्यांनी चातुर्मास धरल्यासारखी वाट बघितली. तो आला नाही. मार्चपासून मालिका दुपारी अडीचला गेली. साडेसातला यांच्यासकट सगळं घर खोलीत असायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी हसायचं. अडीचला आम्ही दोघीच. खिडकीला चादर बांधलेली, पंखा फिरतोय, पडद्यावर माणसं भांडताहेत आणि मी एका म्हातारीच्या कानात त्यांचा समेट करतेय.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस अरुंधती दारात उभी राहून काहीतरी लांबलचक बोलत होती. सगळं बोलून झालेलं, तेच पुन्हा. मला सांगायला काही सुचेना. आत्याबाई माझा दंड हलवत होत्या, "काय म्हणालीय? काय म्हणालीय गं?" आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "म्हणतेय, गिरणीत दळण टाकलंय. तेवढं कुणीतरी आणा."

सुमे, तुला आठवतं का ते? भूकंपाच्या पुढच्या वर्षी, तू सासरच्या दारातून निघालीस तेव्हा एवढंच बोलली होतीस. सगळी भावकी जमलेली, सासरे खाटेवर, आणि तू पिशवी उचलून म्हणालीस, "गिरणीत दळण टाकलंय, तेवढं कुणीतरी आणा." मी तिथं नव्हते. रात्री आमच्याकडं आलीस तेव्हा तूच सांगितलंस आणि आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो होतो. मग रडलो.

आत्याबाई पडद्याकडं बघत गप्प बसल्या. मला वाटलं डुलकी लागली. जरा वेळानं म्हणाल्या, "ही तर सुमीची गोष्ट लावलीय."

मी काय बोलणार? तीस वर्षं झाली. मला वाटलं होतं त्यांना ते माहीतही नसेल. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तुला सांगितलं होतं, "तुझ्या माहेरी जा बाई, इथं लोक बोलालेत," आणि मी उभी होते तिथं. मी एक शब्द बोलले नव्हते. तू त्याचा विषय पुढं कधी काढला नाहीस, नांदेडला नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा इथंच आणलास, तरी मला ते दिसतच राहिलं.

मालिका चालू होती. त्या म्हणाल्या, "चार दिस आजून ठेवून घ्यायला पाहिजे होतं तिला. दळण कुणी आणलं मग?"

म्हटलं, "माहीत नाही."

"इचार तिला," म्हणाल्या.

म्हणून विचारतेय. फोनवर विचारवलं नसतं.

येळवसीची अमावस्या यंदा 30 तारखेला आहे, सोमवारी. शेतात कडब्याची कोप करायची आहे, भज्जी आणि आंबील माझ्याकडं, बाजरीचे उंडे जाऊबाई करणार आहेत. ज्वारी यंदा छातीएवढी आहे. हुरडा पुढच्या पंधरवड्यात निघेल, तोवर राहायचं. चार दिवस तरी. आत्याबाईंना मी तू येणार म्हणून सांगून टाकलंय, आणि हे मी बदलून सांगितलेलं नाही. पुण्याहून येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, फक्त नातीचे गरम कपडे विसरू नकोस, इकडं पहाटेची थंडी फार आहे.

तुझी,
मंदी