अभिवादनाचा रंग जांभळा कधीपासून?

मा. संपादक,
सविनय जयभीम.

कालची महापरिनिर्वाण दिन विशेष पुरवणी पाहिली. पहिल्या पानावर चैत्यभूमीच्या स्तूपामागे जो रंग अंथरलाय त्याला मराठीत जांभळा म्हणतात. पान दोनवर लेख आहे तो निळ्या रंगाच्या महतीचा. लेख निळ्यावर, शाई जांभळी. वाचकानं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की लेखकावर, एवढं कृपया कळवावं.

थोडा रंग इकडचा तिकडे झाला तर काय बिघडलं, असं आपल्याकडे कुणी म्हणेलच. एकदा भगवा गुलाबी छापून बघा, मग दुपारपर्यंत फोन खाली ठेवता येतो का तेही बघा.

हा जांभळा मशीनवर झालेला नाही, तो फाइलमध्येच होता. पान करणाऱ्यानं इंटरनेटवरून आरजीबीतलं, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातलं, चित्र घेतलं आणि छपाईच्या चार रंगांत (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) आपोआप बदलू दिलं. पडद्यावरचा शुद्ध निळा असा बदलला की नेहमीच्या प्रोफाइलमध्ये (रंग बदलण्याच्या ठरलेल्या हिशेबात) सायन ८८ आणि मॅजेंटा ७७ टक्क्यांच्या आसपास येतो. गुळगुळीत आर्ट पेपरवरसुद्धा तो जांभळटच दिसेल. न्यूजप्रिंट तर शाई पितो. ५० टक्क्यांचा ठिपका पसरून कागदावर ७५ च्या घरात जातो, यालाच डॉट गेन म्हणतात. म्हणजे फाइलमधला ७७ चा मॅजेंटा छापून येईपर्यंत जवळजवळ भरीव, म्हणजे शंभर टक्के, झालेला असतो. सायनही भरीव, मॅजेंटाही भरीव, मग जांभळा नाही तर दुसरं काय होणार? न्यूजप्रिंटवर निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा लागतो, आणि झेंड्याचा निळा हवा असेल तर त्याहूनही कमी. सायन १००, मॅजेंटा ५० ते ५५, पिवळा शून्य. काळा घातलाच तर ५, त्यावर नको, नाहीतर रंग मळतो. पिवळा शून्यच हवा, कारण कागद मुळातच पिवळट असतो आणि तो आपला वाटा न मागता देतो.

एक उपाय अजूनही आहे. पुरवणी उन्हात टाकून ठेवावी. चार रंगांच्या छपाईत पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, सायन टिकतो. भिंतीवरची जुनी पोस्टरं निळी पडतात ती त्यामुळेच. कालचं पानही यथावकाश निळं होईल. मात्र न्यूजप्रिंट त्याआधीच पिवळा पडतो, त्यामुळे हिरव्याची तयारी ठेवावी.

आता लेखाकडे. बाबासाहेब निळा सूट घालत म्हणून झेंडा निळा झाला, असं त्यात ठामपणे लिहिलंय. क्रम उलटा आहे. बाबासाहेबांच्या १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला त्यांचा पुढचा पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, उभा राहिला, त्याचा झेंडा निळा. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला, त्यानंही निळाच उचलला. १९८४ मध्ये बसपा आली, तिचाही निळाच. पक्ष फुटले, गट पडले, गटांचे उपगट झाले, पण रंगाची वाटणी कुणाला करता आली नाही. आठवणीचा रंग होतो तो असा, माणसं तो वर्षानुवर्षं खांद्यावरून नेतात म्हणून. बाबासाहेबांच्या कपाटात कुठला कोट होता याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, त्यांतून लेखकाला निळा सूट कसा दिसला तेही समजून घ्यायला आवडेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेताना तर ते पांढऱ्या कपड्यांत होते.

निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय, हातात संविधान आणि वर उचललेलं बोट, हे रूप घट्ट झालं ते गावोगावच्या सिमेंटच्या पुतळ्यांमुळे. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला पुतळा ब्राँझचा आहे आणि ब्राँझच्याच रंगाचा आहे. सिमेंटला मात्र रंग द्यावाच लागतो, आणि हातात डबा घेतला की निळाच घेतला गेला, कारण झेंडा समोर होता. झेंड्याचा रंग कोटावर उतरला, कोटाचा झेंड्यावर नाही.

या पुतळ्यांचंही एक लिहायला हवं. दर एप्रिलमध्ये घाईघाईनं जुन्या रंगावरच नवा इनॅमल चढवतात. थरावर थर बसून चष्म्याची काडी, खिशातलं पेन, कॉलरची धार बुजत जाते आणि मग ‘चेहरा जमला नाही’ म्हणून मूर्तिकाराला शिव्या! जुना रंग खरवडावा, पॉलिश पेपर मारावा, धूळ पुसून प्रायमर द्यावा आणि इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत, मध्ये एक दिवस वाळवण. पुतळा नवा असेल तर सिमेंट निदान चार आठवडे वाळू द्यावं. ओल्या सिमेंटचा क्षार ऑइल पेंट खातो आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. ब्राँझला तर रंग लावूच नये.

वस्त्यांमधल्या भिंती निळ्या व्हायच्या त्या डब्यातल्या रंगानं नाही. कळीचा चुना रात्रभर विरवायचा, फडक्यानं गाळायचा, कपड्याच्या निळीची पूड वेगळ्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची, मग चुन्यात सोडायची आणि शेवटी रंग धरून ठेवायला थोडा सरस (चिकट खळ). पूड थेट चुन्यात टाकली की भिंतीवर ठिपके उठतात. सरस कमी पडला की टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर रंग येतो. ओला असताना गडद दिसतो तो वाळल्यावर फिका होतो, म्हणून अंदाज वाळलेल्या पट्ट्यावरच घ्यायचा. नीळ चालते कारण ती अल्ट्रामरीन नावाच्या रंगाची पूड, चुन्याच्या क्षारानं मरत नाही. तिच्या जागी प्रशियन ब्लू हा दुसरा निळा घातला तर भिंत तपकिरी व्हायला लागते. स्वस्त, टिकाऊ आणि वाण्याकडे मिळणारा असा हा रंग होता. आपल्या लेखात आकाश, सागर, अथांगता सगळं आलं, नीळ तेवढी राहिली.

पान तीनवर निळ्या झेंड्याच्या फोटोखाली ‘पंचशील ध्वज’ असं छापलंय. पंचशील ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच उभे पट्टे असतात आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे. तो श्रीलंकेत १८८५ मध्ये आला. चैत्यभूमीवर दोन्ही झेंडे शेजारी फडकतात म्हणून ते एक होत नाहीत. शिवाय निळ्यावरच्या पांढऱ्या अशोकचक्राचे आरे मोजता येत नाहीत. ते २४ असतात. दोन शायांच्या भरीव रंगात इतक्या बारीक पांढऱ्या रेषा कोरल्या की रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची बसणी, केसभर हललं तरी बुजणारच. एक पॉइंटपेक्षा बारीक रेषा न्यूजप्रिंटवर उलटी, म्हणजे रंगात पांढरी कोरून, छापू नये, हे आपल्या छपाई विभागाला नक्की ठाऊक असेल. त्यांना कुणी विचारत नसावं.

जाता जाता जाहिरातींचं. कालच्या पुरवणीत एका नगरसेवकांनी ‘महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ दिल्या आहेत. वर स्वतःचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा, आणि तो मात्र अगदी अचूक रंगात! पैसे घेतले तरी मजकूर वाचायला बंदी नसावी. ६ डिसेंबरला अभिवादन करतात.

१४ एप्रिलच्या पुरवणीची पानं लागतील तेव्हा चित्र आरजीबीतून हातानं बदलावं, मॅजेंटा ५५ च्या वर जाऊ देऊ नये आणि प्रूफ न्यूजप्रिंटवरच काढून दिवसाच्या उजेडात पाहावं, ट्यूबलाइटखाली नको. नगरसेवकांची जाहिरात तेव्हा जशीच्या तशी छापली तरी चालेल, फक्त ‘महापरिनिर्वाण दिनाच्या’ काढून ‘जयंतीच्या’ करावं.

आपला,
छपाईच्या धंद्यातला एक वाचक