काका, तुम्ही ते पुस्तक आधी वाचलंत

प्रिय काका,

तुमचे आभार मानायला मी तुमच्या अभ्यासिकेत आले की तुम्ही पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बोलायला लागता, नाहीतर चहा मागवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण आपल्या लालबागमधल्या लोकांना कळायला हवं की ताईच्या आजारपणात तिच्या लेकीला, आमच्या पोरीला, कोणी सांभाळलं. डबे खूप जणांनी दिले, रक्त द्यायला मंडळाची मुलं धावली, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण तेरा वर्षांच्या त्या मुलीला जे हवं होतं ते तुम्ही दिलंत, आणि ते द्यायला तुम्हाला एक अख्खं इंग्रजी पुस्तक वाचावं लागलं.

ते पुस्तक मीच आणलं होतं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, त्यातलं. आमच्या घरात भुताच्या गोष्टींचं वेड जुनं. लाइट गेले की ताई मला मतकरींच्या गूढकथा सांगायची, तेही आवाज बदलून बदलून, आणि मी उशी तोंडावर घेऊन ऐकायचे. पुढे तेच वेड भाचीत उतरलं. तेव्हा काळ्या शाईतल्या चित्रांचं, झाडातून राक्षस उठतो असं पुस्तक दिसल्यावर मी ते घेतलं नसतं तरच नवल. पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’.

ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्यांना पुढे वाचायचंय त्यांनी हे तीन-चार परिच्छेद सोडून द्यावेत.

कॉनर तेरा वर्षांचा. आईला मोठं आजारपण, एकामागून एक उपचार चाललेले. बाप दुसरं लग्न करून अमेरिकेत. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं यू नावाचं जुनं झाड उठतं, राक्षसाचं रूप घेतं आणि खिडकीशी येतं. म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगणार, चौथी तू मला सांगायचीस, आणि ती तुझी खरी गोष्ट असली पाहिजे. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती स्वतः कॅन्सरने आजारी होती आणि पुस्तक लिहिण्याआधीच 2007 साली गेली. नेसने ते लिहून काढलं, जिम के याने चित्रं काढली आणि 2011 मध्ये ते बाहेर आलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधलं लेखनाचं कार्नेगी पदक आणि चित्रांचं ग्रीनअवे पदक, दोन्ही या एकाच पुस्तकाला मिळाली. असं तोवर कधी झालं नव्हतं.

मी नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठी झाले, त्यामुळे भीती कुठून येणार याचा अंदाज बांधत वाचायची मला सवय आहे. धारपांकडे बाहेरचं काहीतरी घरात शिरतं आणि मग कोणीतरी जाणता माणूस येऊन त्याला बाहेर काढतो. इथे राक्षस पहिल्याच पानांत समोर येऊन उभा राहतो आणि पोरगा त्याला घाबरतच नाही! याहून वाईट मी पाहिलंय, असं त्याच्या वागण्यातून कळतं. तिथेच माझ्या अंगावर काटा आला. राक्षसाला न घाबरणाऱ्या मुलाच्या मनात काय दडलेलं असेल? ते शेवटच्या गोष्टीत कळतं, आणि कळल्यावर पुस्तक मिटून मी बराच वेळ गॅलरीत उभी होते.

पण माझ्या जिव्हारी लागली ती आजी. कॉनरच्या आईची आई. टापटिपीची, करड्या स्वभावाची बाई, कॉनरला ती मुळीच आवडत नाही. दुसऱ्या गोष्टीच्या रात्री कॉनर राक्षसाबरोबर एक घर उद्ध्वस्त करतो आणि भानावर येतो तेव्हा त्याने आजीचा जिवापाड जपलेला दिवाणखाना फोडलेला असतो. आजी घरी येते, बघते. मला वाटलं आता ती त्याला मारणार. ती काय करते? उभं राहिलेलं एकच कपाट स्वतःच्या हाताने खाली पाडते. काका, ते पान मी अजून सलग वाचू शकत नाही. तोवर मी सगळं कॉनरच्या बाजूने वाचत होते. तिथे मला माझी आई दिसली, स्वयंपाकघरात सारखी ओटा पुसत राहणारी. आमच्या घरात पोरीची आई जात होती, माझी बहीण जात होती, आणि माझ्या आईची लेक जात होती. तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

त्यामुळे आईने “असल्या दिवसांत भुताचं पुस्तक घरात नको” म्हटलं तेव्हा मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला तेवढं म्हणायचा हक्क होता.

शाळेला मात्र नव्हता. शाळेचं नाव मी घेत नाही. वर्गात मधल्या सुट्टीत वाचत बसलेल्या मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं गेलं आणि मला बोलावणं आलं. घरात असं वातावरण असताना तुम्ही मुलीला राक्षसांची पुस्तकं देता? तिच्या मनावर परिणाम होईल. तिला काहीतरी पॉझिटिव्ह द्या. मी विचारलं, “मॅडम, तुम्ही हे वाचलंत का?” तर म्हणाल्या, कव्हर बघून कळतंय की. आणि गंमत वाटावी अशी गोष्ट नाहीये ही, पण त्या पुस्तकात नेमकी अशीच शाळा आहे. कॉनरने काहीही केलं तरी त्याला शिक्षा करत नाहीत, त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. आमच्या पोरीचंही तेच चाललं होतं. गृहपाठ विचारायचे बंद झाले, उशिरा आली तरी कोणी बोलेना. तिला वाटायला लागलं की आपण वर्गात आहोत की नाही हेच कोणाला कळत नाहीये. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, पुस्तकातल्या कॉनरबद्दल बोलता बोलता सांगितलं. असं बोलायला लावणारं पुस्तक तिच्यापासून लांब ठेवायचं ठरत होतं!

नातेवाइकांचंही तेच. जो येईल तो म्हणे, “रडायचं नाही हं, तू स्ट्रॉंग आहेस.” कोणी जप लिहून दिला, कोणी हसरे फोटो पाठवले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मान्य आहे. पण त्या मुलीला काय वाटतंय हे विचारून उत्तर ऐकायला थांबलेला एकही माणूस मला त्या महिन्यांत आठवत नाही.

मग ते पुस्तक घेऊन ती तुमच्याकडे आली. घरी नको, शाळेत नको, म्हणून “काका, हे तुमच्या कपाटात ठेवा, मी इथे येऊन वाचत जाईन” म्हणाली. तुम्ही ठेवलंत. कोणीही ठेवलं असतं. पण तुम्ही ते वाचलंत. बेस्टमध्ये कंडक्टर असताना दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात डेपोत बसून धारपांच्या कादंबऱ्या संपवणारा माणूस, इंग्रजी वाचायची फारशी सवय नाही, तरी शब्दकोश शेजारी घेऊन रात्री बसलात. का वाचलंत, मी तुम्हाला नंतर विचारलं. म्हणालात, “पोर काय घेऊन बसलीय ते बघायला नको?”

मला त्यावर काही बोलता आलं नाही, म्हणून आता बोलते. एवढंच तर हवं असतं. शिकवण नको, सल्ला नको, पोर काय घेऊन बसलंय ते आधी बघावं आणि मग तोंड उघडावं. सभ्यपणा म्हणतात तो मला यात दिसतो. तो शिकलेल्यांमध्ये जास्त असतो असं काही नाही, हे मी या वर्षी फार जवळून पाहिलं. आमच्या मजल्यावरच्या धुणंभांडी करणाऱ्या मावशी ताईच्या खोलीत येऊन नुसत्या बसायच्या, त्यांच्यातही तो होता. परळला हॉस्पिटलच्या बाहेर, गावाहून पेशंट घेऊन आलेली माणसं ओळख नसताना एकमेकांच्या सामानावर लक्ष ठेवतात, त्यांच्यातही होता.

आता त्या एका दिवसाचं लिहिते.

ताईला तेव्हा पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरवरचं औषध चालू होतं. पोरीला पुस्तकातून कळलं की कॉनरच्या आईचं शेवटचं औषध त्याच यू झाडापासून केलेलं असतं, आणि तिने शोधून काढलं की आपल्या आईच्या सलाईनमधून जातंय तेही मुळात पॅसिफिक यूच्या सालीतूनच निघालेलं. त्या औषधाची रासायनिक रचना 1971 मध्ये अमेरिकेत मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी मांडली, आणि हे वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला, शिकले मुंबई विद्यापीठात. टॅक्सीतून घरी येताना तिने हे सगळं ताईला सांगितलं. ताई किती दिवसांनी मनापासून हसली! म्हणाली, “म्हणजे तुझा राक्षस मला भेटायला येतो म्हण की.” घरी पोचल्या पोचल्या पोरगी धावत तुमच्याकडे आली, हेच सांगायला. तोवर तिची दुसरी गोष्ट संपली होती. तुमचं पुस्तक संपलेलं होतं.

तुम्हाला ठाऊक होतं की पुस्तकातलं ते औषध लागू पडत नाही.

त्या जागी मी असते तर काय बोलले असते कोण जाणे. होईल सगळं ठीक, म्हणायला किती सोपं होतं. पुस्तक काहीतरी सांगून काढून घेणंही सोपं होतं. तुम्ही तिला वाणींबद्दल आणखी विचारलंत, नंदुरबार नकाशात दाखवलंत, आणि ती निघाली तेव्हा एवढंच म्हणालात, “पुढचं वाचशील तेव्हा इथे बसून वाच. मी असतो.”

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की आता औषधाचा उपयोग होत नाहीये, त्याच आठवड्यात ती शेवटचा भाग वाचायला तुमच्याकडे आली. आतल्या कपाटांच्या खोलीत जमिनीवर बसली. तुम्ही तुमची खुर्ची उचलून दारात ठेवलीत आणि तिच्याकडे पाठ करून बसलात. पुस्तक बदलायला आलेल्यांना “उद्या या” सांगितलंत. स्पर्धा परीक्षेची मुलं बाहेरच्या हॉलमध्ये होती, त्यांच्यापैकी कोणाला आत डोकावू दिलं नाहीत. दहाला अभ्यासिका बंद होते, त्या दिवशी झाली नाही. मी शोधत आले तर मला हाताने थांबवलंत. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, एकदाही नाही. मला आधी राग आला, माणूस उठून जवळ का जात नाही? मग लक्षात आलं की तिला रडताना कोणी बघणार नाही आणि तरी कोणीतरी दारात आहे, अशी जागा या अख्ख्या मुंबईत तिला तेवढीच मिळाली होती. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत ती कुठे रडणार होती?

सुचणं वगैरे तुम्ही मानत नाही. पण मला वाटतं, तुम्ही ते पुस्तक वाचलं होतंत म्हणून तुम्हाला ठाऊक होतं की त्या पानांवर कॉनर काय कबूल करतो. हे सगळं एकदाचं संपावं असं आजारी माणसाच्या जवळच्यांना आतून वाटत असतं आणि तसं वाटल्याबद्दल ते स्वतःला पापी समजतात. ते आमच्या तिघींच्या मनात होतं, आईच्या, माझ्या आणि पोरीच्या. कोणी उच्चारलं नव्हतं. राक्षस कॉनरला सांगतो की मनात काय आलं त्यावरून माणूस ठरत नाही, तो काय करतो त्यावरून ठरतो. पोरीने घरी आल्यावर मला विचारलं, “मावशी, तुलाही असं वाटतं?” मी हो म्हणाले. मग आम्ही दोघी किती वेळ बोललो. त्या रात्री ती ताईच्या शेजारी जाऊन झोपली. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. पण ताई गेली तेव्हा त्यांचं बोलायचं राहिलेलं काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगते, आणि त्यात तुमचा हात आहे.

आता पोरगी धारपांच्या मागे लागली आहे, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं असेलच. आईनेही ते पुस्तक मागून घेतलं. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की पोरगी तिला एकेक प्रकरण मराठीत सांगते. आजीच्या कपाटापर्यंत अजून पोचलेल्या नाहीत. त्या दिवशी मी घरी थांबणार आहे.

‘अ मॉन्स्टर कॉल्स’ची एक नवी प्रत या पत्राबरोबर पाठवतेय, अभ्यासिकेच्या कपाटासाठी. कुलपात ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल अशी खालच्या फळीवर ठेवा. कोणी पालक किंवा शिक्षक तक्रार घेऊन आले तर त्यांना आधी पुस्तक वाचायला द्या. वाचूनही तक्रार राहिली तर मला हाक मारा, मी येऊन बोलेन त्यांच्याशी. आणि रविवारी जेवायला यायचंय, आई आळूचं फदफदं करतेय. या वेळी रेग्युलेटरचं कारण चालणार नाही.

तिची मावशी