मार्शमॅलोच्या वड्या, ५८ रुपयांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालदिनाच्या पुरवणीत आपण मार्शमॅलो (मऊ, स्पंजासारखी विलायती मिठाई) आणि राइस क्रिस्पीज (फुगवलेल्या तांदळाचं सीरियल) यांच्या वड्यांची कृती छापलीत. कृतीत चूक काही नाही. पण वर 'घरात असेल त्यातून झटपट खाऊ' असं लिहिलंय, ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कुणाच्या घरात असतो हो मार्शमॅलो?

मी इथे सोलापुरात, पूर्व भागात, बावीस वर्षं घरी शिकवणी घेते. पहिली ते चौथीची सतरा मुलं आहेत. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील कापडाच्या मागावर. मुलं घरी तेलुगू बोलतात, माझ्याकडे मराठी, आणि खाऊ मागतात तो मोबाइलमधला. गेल्या एप्रिलात परीक्षा संपल्यावर चौघी जणी आईचा मोबाइल घेऊनच आल्या. वडी दोन्हीकडून ओढली की मधे पांढऱ्या तारा निघतात, तो व्हिडिओ. "टीचर, हे लांब होतं ते करा ना."

नव्या पेठेत चौकशी केली. मार्शमॅलोचं पाकीट १३० रुपये, तांदळाच्या सीरियलचा डबा त्याहून महाग. तशीच परत आले.

गंमत म्हणजे हा पदार्थ मुळात श्रीमंती नाहीच. १९३९ साली अमेरिकेत केलॉग्ज कंपनीच्या स्वयंपाकघरात मलिटा जेन्सन आणि मिल्ड्रेड डे या दोघींनी तो केला, तोही कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला पैसे जमवता यावेत म्हणून. लोणी, मार्शमॅलो, फुगवलेला तांदूळ, संपलं. तिकडे या तीन वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आपल्या कोपऱ्यावर चुरमुरे मिळतात, आणि ते तरी दुसरं काय आहेत?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मग चुरमुऱ्याचे लाडू कर की, एवढा खटाटोप कशाला?" लाडूशी माझं भांडण नाही, पण मुलांना लाडू नको होता. लाडवाचा पाक कडक, तो दाताखाली कट्टकन तुटतो. त्यांना ताणलं जाणारं हवं होतं. मोठ्या माणसांनी दर वेळी 'आपलंच बरं' म्हणून मुलांचा हट्ट मोडायचा, हे मला पटत नाही.

मार्शमॅलो म्हणजे तरी साखरेचा पाक, तो धरून ठेवणारं जिलेटिन आणि हवा. बेकरीचं सामान ठेवणाऱ्याकडून ५० ग्रॅमचा जिलेटिनचा डबा ८० रुपयांना आणला. त्यातलं १० ग्रॅम चार मोठे चमचे थंड पाण्यात भिजत घातलं. पावशेराला थोडी कमी, म्हणजे २०० ग्रॅम साखर, तेवढंच चार चमचे पाणी आणि अर्धं लिंबू. लिंबू विसरू नये, नाहीतर पाकाची पुन्हा साखर होते. गोळीबंद पाक झाला, म्हणजे पाण्याच्या वाटीत थेंब टाकल्यावर बोटांनी मऊ गोळी वळता आली, की उतरवून जिलेटिनवर बारीक धारेनं ओतायचा. या वेळी मुलांना शेगडीपासून लांब ठेवा, हा पाक अंगावर उडाला तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो.

बीटर माझ्याकडे नाही. ताकाची रवी घेतली आणि घुसळायला बसले. पाच मिनिटं नुसतं पिवळट पाणी. मुलांची तोंडं पडली. दहा मिनिटांनी साबणासारखा फेस. मग दोघी-दोघींनी पाळीपाळीनं रवी फिरवली, आणि विसेक मिनिटांनी ते पांढरंशुभ्र, जड झालं. रवी वर उचलली की पट्टीसारखं सावकाश खाली यायचं. तेव्हा जो ओरडा झाला, तो ऐकून गल्लीतली माणसं दारात आली.

लोक ते थापून, सुकवून, पुन्हा वितळवतात. मी म्हटलं, वितळवायचंच आहे तर सुकवायचं कशाला? कोमट असतानाच दोन चमचे तूप आणि १०० ग्रॅम चुरमुरे घातले. चुरमुरे आधी चाळून घ्या, भट्टीतली वाळू राहते. मग कढईत कोरडेच, बोटात चुरडतील इतके भाजा. आपले चुरमुरे खारे असतात, ते इथे उलट बरंच झालं. तुपाचा हात लावलेल्या ताटात हलकेच पसरायचं, दाबलं की वडीचा दगड होतो. चुरमुरे १०, साखर ९, जिलेटिन १६, लिंबू ३, तूप २०. गॅस सोडून ५८ रुपये, आणि अठरा वड्या.

आता फजिती सांगते. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचं छप्पर. जिलेटिन पस्तीसेक अंशांनाच ढिलं पडतं, आणि माझ्या खोलीत दुपारी त्याहून जास्तच असतं. चारला कापलेल्या वड्या पाचला पुन्हा एक झाल्या. शेवटी उरलेल्या चमच्यानं खाल्ल्या. आता मी हा प्रकार दिवाळी ते संक्रांत एवढ्यातच करते.

आपल्याकडे माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, हे आपल्या कृतीत एका शब्दानं नाही. माझ्याकडची दोन मुलं शाकाहारी घरातली आहेत. आधी आयांना विचारलं म्हणून बरं. पाकिटावर मांसाहाराची खूण म्हणून चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो, पण तो कुणी सांगितल्याशिवाय कोण बघतं? त्यांच्यासाठी मी समुद्री शेवाळापासूनचं चायना ग्रास वापरून पाहिलं. ते घट्ट होतं, पण ताणलं जात नाही, खरवसासारखं तुटतं. मग गुळाचा नरम पाक, तूप आणि शेंगांचं कूट घालून वेगळ्या वड्या केल्या. त्या चवीला उजव्याच होत्या, असं माझं मत. पण ती दोघं खाताना सारखी इतरांच्या हातातल्या तारांकडे बघत होती, तेही लिहायला हवं.

तर पुढच्या वेळी जिलेटिनचा उल्लेख करावा, आणि खाली चुरमुऱ्याची एक ओळ टाकावी. जागा लागत असेल तर फोटो लहान करा.

तिसरीतल्या एकानं आपली वडी आईसाठी म्हणून वहीत घालून नेली. सतराच्या पाढ्याचं ते पान अजून उघडत नाही. मी त्याला तो पाढा पुन्हा लिहायला लावलेला नाही.

आपली,
एक शिकवणीवाली बाई, पूर्व भाग, सोलापूर