संगमावरचं गाव: कोंफ्लांहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की पॅरिसपासून पंचवीस किलोमीटरवरच्या या उपनगरात नदी सोडून बघण्यासारखं काय आहे. फारसं काही नाही. पण नदीच पुरून उरते, आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, तेव्हा लॉक (बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दारबंद कुंडी) आणि बंधारे गाळून लिहिलं तर तुम्ही परत फोन कराल. आई, तुला कंटाळा आला तर मधली पानं सोड, शेवटचं मात्र वाच. प्रवासाचं तिथे आहे.

गावाचं पूर्ण नाव कोंफ्लां-सँत-ओनोरीन. ईशान्येकडून वाझ नदी येते आणि सेनला मिळते. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तसं इथे नाही. सेन इथे मोठं वळण घेते आणि त्या वळणावर वाझ तिरकी येऊन मिसळते. गाव सेनच्या उजव्या तीरावर आहे. खाली धक्क्याची अरुंद पट्टी, तिच्या पाठीला चुनखडीचा उभा चढ, वर सपाट पठार. जुनं गाव चढावर आहे. इमारती, शाळा, दुकानं बहुतेक पठारावर. आमचं घरही वरच आहे, तेव्हा आई, पुराच्या बातम्या बघून जीव टांगणीला लावू नकोस. डोंगराच्या पोटात दगडाच्या खाणी होत्या. दगड काढून झाला तशा त्यांतल्या काही अंधाऱ्या बोगद्यांत अळिंबी पिकवू लागले.

नावातली ओनोरीन ही संत. ८७६ साली नॉर्मन लोक सेनच्या मुखाकडून लुटालूट करत वर सरकत होते, तेव्हा ल आव्रजवळच्या ग्राव्हिलमधून तिच्या अस्थी उचलून इथे सुरक्षित आणल्या. पुढे बोटवाल्यांनी तिलाच आपली पाठीराखी मानलं. अकराव्या शतकात इथे बेकच्या मठाचे साधू आले. त्याच काळातला मोंज्वा नावाचा चौकोनी बुरूज अजून चढावर उभा आहे, छप्पर नसलेला, नुसत्या जाड भिंती. त्या उंचीवरून दोन्ही नद्यांवरची बोट दिसते आणि खाली उतरून जकात घेता येते. जागा निवडणारा हिशेबी होता.

पण कोंफ्लां खरं मोठं झालं ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही एका साध्या अडचणीमुळे. उत्तरेकडच्या खाणींतला कोळसा पॅरिसला लागायचा. १८१० साली नेपोलियनने सँ-कांतँचा कालवा खुला केला, तेव्हा तो कोळसा बोटींतून वाझवर उतरू लागला. वाझवरून येताना प्रवाह पाठीशी. संगमावर मात्र पॅरिससाठी सेनमध्ये वळायचं म्हणजे प्रवाहाच्या उलट चढायचं. घोडे बदला, नाहीतर ओढणारी बोट भाड्याने घ्या. त्यासाठी आधी पाच-सहा बोटींचा तांडा जमायला हवा. तोवर थांबा. आणि थांबलेल्या माणसाला पाव लागतो, दारू लागते, दोर, डांबर, लोहार, न्हावी, पाद्री लागतो. धक्क्यावरची जुनी दुकानं याच थांबण्यावर उभी राहिली. इथे फारसा माल उतरत नसे. गावाने कमाई केली ती वाट बघणाऱ्यांवर.

आता बाबांचा भाग. १८५०च्या दशकात पॅरिस ते कोंफ्लां नदीच्या तळाशी एक लोखंडी साखळी टाकली. वाफेच्या बोटीने ती पुढच्या बाजूने उचलायची, डेकवरच्या मोठ्या रहाटांवर गुंडाळून स्वतःला पुढे ओढायचं आणि मागच्या बाजूने साखळी परत तळाशी सोडायची. मागे बार्जची, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींची, माळ. पंखा पाण्यात घसरतो, साखळी घसरत नाही, म्हणून उथळ आणि वेगवान पाण्यात कमी कोळशात जास्त ओढ मिळे. दुखणी दोन. एक, वळणावर प्रत्येक बोट साखळी थोडी आतल्या काठाकडे खेचते. बऱ्याच फेऱ्यांनी साखळी नेमकी उथळात जाऊन बसते, ती परत मधे आणून टाकावी लागते. दुसरं, समोरासमोर दोन साखळीबोटी आल्या तर साखळी एकच! मग एकीने ती सोडून बाजूला व्हायचं, किंवा दोघींनी मागच्या माळांची अदलाबदल करून आल्या वाटेने परतायचं. पुढे सेनवर बंधारे झाले, १८८६पर्यंत पॅरिस ते रूआँ ३.२० मीटर खोली मिळाली, प्रवाह मंदावला आणि साध्या पंख्याच्या टगबोटी परवडू लागल्या. साखळी तिथे हरली.

इथला बंधारा कोयनेसारखा पाणी साठवत नाही, फक्त खोली राखतो. संगमाच्या थोडं खाली आंद्रेझीला बंधारा आणि लॉक आहे. वर सेनवर बूजिव्हाल-शातूचं लॉक, वाझवर पोंत्वाझचं. या तिन्हींच्या मधलं पाणी एकाच पातळीत उभं असतं आणि कोंफ्लां बरोबर त्यात बसतं. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही धक्क्यापाशी बोट टेकत नाही. पूर आला की मात्र बंधारा उघडून टाकतात, तेव्हा नदी आपल्या मर्जीने वाहते.

तुम्हाला आवडेल असं माप सांगते. १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून देशभरच्या कालव्यांना एकच माप लावलं: लॉक ३९ मीटर लांब, ५.२० रुंद. त्यात बसणारी बार्ज ३८.५० लांब, ५.०५ रुंद. म्हणजे दोन्ही अंगांना साडेसात-साडेसात सेंटिमीटर, तळहातापेक्षा कमी. उत्तरेच्या कालव्यांत अशी बार्ज आत शिरते तेव्हा पुढचं पाणी निघायला वाट नसते, ते बोटीच्या पोटाखालून आणि कडेने मागे येतं. म्हणून अगदी हळू शिरावं लागतं. घाई केली तर पुढे पाणी फुगतं, बोट अडते, मग वेग वाढवावा तर दारावर आदळते. आत आल्यावर दोर खुंट्याला टाकतात, पण गाठ मारत नाहीत, नुसते वेढे घेऊन टोक हातात धरतात. वर चढताना दोर आवळत जायचा, खाली उतरताना सैल सोडत जायचा. उतरताना दोर अडकला आणि पाणी खाली गेलं तर अडीचशे टन त्या दोराला लटकतात. म्हणून हाताशी कुऱ्हाड ठेवायची जुनी पद्धत होती. अशी बार्ज अडीचशे ते साडेतीनशे टन नेते, म्हणजे पंचवीस टनी ट्रक धरले तर दहा ते चौदा. सेनवर मात्र लॉक मोठे आहेत. तिथे ढकलणाऱ्या बोटीपुढे बिनयंत्राच्या बार्ज जोडून १८० मीटर लांबीचा ताफा जातो, साडेचार-पाच हजार टनांचा. एका नदीवर ही दोन्ही मापं चालताना दिसतात, तेच मला इथे सगळ्यात बघण्यासारखं वाटतं.

बार्जवर कुटुंब राहायचं. मागच्या टोकाला दोन खोल्यांची केबिन, पुढचं सगळं पोट मालासाठी. यंत्र येण्याआधी, घोड्यांचे पैसे नसले की नवरा-बायको छातीला पट्टा लावून काठावरून बोट ओढत. मुलं शाळेच्या वयाची झाली की वसतिगृहात. मालाची वाटणी ओळीने व्हायची: कचेरीत नाव लावायचं, फळ्यावर मालाची यादी लागायची, ज्याचा नंबर त्याने घ्यायचं किंवा सोडायचं. म्हणजे पुन्हा थांबणं, कधी दिवसचे दिवस, एकीला एक खेटून बांधलेल्या बोटींत. ही ओळीची पद्धत २००० साली बंद झाली, त्याआधीच उत्तरेतली शेवटची कोळशाची खाणही १९९० साली बंद पडली होती. कोंफ्लांच्या धक्क्यावरची गर्दी ओसरली ती या दोन कारणांनी, आणि अर्थात ट्रकांमुळे.

त्या गर्दीतलं एक जहाज अजून धक्क्याला आहे. नाव ‘ज सेर’, म्हणजे ‘मी सेवा करते’. सत्तर मीटर लांबीचं आणि चक्क काँक्रीटचं! १९१९ साली, महायुद्धानंतर पोलादाची टंचाई असताना, कोळसा वाहायला बांधलेलं. तीसच्या दशकात जोसेफ बेलांजे या पाद्रींनी ते बोटवाल्या कुटुंबांसाठी घेतलं. आत प्रार्थनाघर, मदतकेंद्र आणि अडल्यानडल्याला निवारा. काँक्रीट गंजत नाही, म्हणून ते शंभर वर्षं टिकलं असं लोक सांगतात. पण आतल्या सळईपर्यंत पाणी पोचलं की काँक्रीटही फुटतं, हे बाबांना मी काय सांगावं. आई, अलीकडच्या वर्षांत तिबेटी निर्वासित मोठ्या संख्येने याच बोटीच्या आधाराला आले. त्यांतले पुष्कळ नेपाळ-भारतमार्गे आलेले आहेत, तेव्हा कोणी तुझ्याशी हिंदीत बोललं तर दचकू नकोस.

वरच्या बागेतल्या जुन्या वाड्यात नौकानयनाचं संग्रहालय आहे. १९६७ साली ते लुईझ वाइस यांच्या पुढाकाराने झालं. याच बाई १९७९ साली थेट निवडून आलेल्या पहिल्या युरोपीय संसदेत वयाने सगळ्यात ज्येष्ठ सदस्य होत्या. आत बोटींचे नमुने आहेत, खाली धक्क्याला १९०४ची ‘जाक’ नावाची टगबोट. आधी नमुने बघा, मग खरी बोट. उलट केलं तर यंत्राचं काही कळत नाही. मिशेल रोकार १९७७पासून १९९४पर्यंत इथले महापौर होते आणि मधली तीन वर्षं देशाचे पंतप्रधान. गावाचं नाव तुम्ही २०२०च्या ऑक्टोबरात बातम्यांत ऐकलं असेल. तेव्हा ज्यांची हत्या झाली ते सॅम्युएल पाती हे शिक्षक इथल्याच शाळेत शिकवत होते. त्याबद्दल इथे कोणाला आपणहून विचारू नका.

समोरच्या तीरावर आशेरचं मैदान. आई, तुझ्यासाठी: पॅरिसचं सांडपाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या शेतांत सोडत आणि त्यावर भाज्या पिकवत. जमिनीत शिसं आणि इतर जड धातू साठत गेले, शेवटी तिथल्या भाजीवर बंदी आली. आता जवळच भलं मोठं शुद्धीकरण केंद्र आहे. वारा त्या बाजूचा असला की त्याची वर्दी मिळते. त्याच मैदानावर नवं बंदर उभं राहतंय, कारण वाझच्या वरच्या अंगाला सेन-उत्तर युरोप कालव्याचं काम सुरू आहे: १०७ किलोमीटर, ४,४०० टनांच्या बोटींसाठी. तो झाला की उत्तरेचा माल परत याच संगमावरून उतरेल.

आता धक्क्याला दिसतील त्या बहुतेक राहत्या बोटी. फोटोत छान दिसतात, पण खर्च बघा. पोट रिकामं असलं की बोट वर तरंगते, डुलते आणि पुलाखालून जाताना अडते. म्हणून तळात खडी किंवा काँक्रीटचं वजन भरावं लागतं. ठरावीक वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात आणि पातळ जागी वरून नवा पत्रा जोडतात. किनाऱ्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी सर्किट जुळतं आणि कोणाचा तरी पत्रा गुपचूप झिजू लागतो. त्यावर उपाय विलगीकरण ट्रान्सफॉर्मर, पण तो महाग म्हणून लोक टाळतात. पुरात धोका बुडण्याचा कमी, धक्क्यावर चढून बसण्याचा जास्त. पाणी धक्क्याच्या वर गेलं, बोट सरकून त्यावर आली आणि पाणी ओसरलं, की बोट कठड्यावर तिरकी लटकते. म्हणून धक्क्याला लागून उंच खांब हवेत आणि दोर त्यांवर वरखाली सरकणाऱ्या कड्यांना बांधलेले हवेत. जानेवारी २०१८मध्ये पॅरिसला पाणी ५.८८ मीटरवर गेलं. १९१०च्या महापुराचा आकडा ८.६२ होता. नव्या माणसांना तो आकडा आठवत नाही, जुने बोटवाले खांबाची उंची त्यावरून ठरवतात.

प्रवासाचं. विमानतळावरून आरईआर (उपनगरी रेल्वे) बी, शातले-ले आल स्थानकात उतरून आरईआर ए. फलाटावरची पाटी सेर्जीची असेल तरच चढा आणि कोंफ्लां-फँ-द्वाझला उतरा. चुकून प्वासीच्या गाडीत बसलात तर मेझों-लाफितला उतरून सेर्जीची घ्या. सँ-जेर्मँच्या गाडीत बसलात तर मात्र नांतेर-प्रेफेक्त्युरपर्यंत मागे यावं लागेल. सँ-लाझार स्थानकावरून जे लाइनही आहे, ती गावाच्या मुख्य स्थानकात येते. तिथे मांत गावाला जायच्या दोन वाटा आहेत, एक कोंफ्लांवरून आणि एक प्वासीवरून, तेव्हा मधल्या स्थानकांची यादी वाचल्याशिवाय चढू नका.

आईच्या गुडघ्यांचा विचार करून: आधी वरच्या बागेत आणि संग्रहालयात जायचं, मग बुरुजापाशी, आणि शेवटी धक्क्यावर उतरायचं. परत वर गाडीने नेईन. उतार दगडी आहे आणि पावसात बुळबुळीत होतो, चपला नकोत, रबरी तळाचे बूट आण. बाबा, दुर्बीण आणा. जमलं तर जूनचं तिकीट काढा, तेव्हा बोटवाल्यांचा उत्सव असतो आणि एरवी मालावर गेलेल्या बार्जही सजून धक्क्याला येतात. तारीख ठरली की लगेच कळवा, व्हिसासाठीचं निवासाचं पत्र इथल्या नगरपालिकेतून काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

तुमची,
धाकटी