आधी अंगठ्याचं माप

आयोवा सिटी,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काकांचा नातू ओहायोत कॉलेजात आहे आणि त्याच्या गळ्यात तिथल्या प्री-डेंटल क्लबचं अध्यक्षपद पडलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठव म्हणालात. इथल्या क्लबची सल्लागार म्हणून जे रोज बघते तेच लिहिते. काकांनी त्याला फोनवर वाचून दाखवावं. पत्र लांबेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आई, तुझा प्रश्न आधी: दाताचं कॉलेज असताना वेगळा क्लब कशाला? आपल्याकडे बारावी झाली, 'नीट' दिली की मूल थेट बी.डी.एस.ला बसतं. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. इथे आधी चार वर्षांची साधी पदवी आणि त्यानंतर चार वर्षांचं डेंटल स्कूल. पहिल्या चार वर्षांत मूल जीवशास्त्र शिकत असतं, नाहीतर चक्क संगीत. डेंटल कॉलेजशी त्याचा काही संबंध नसतो आणि अर्जाची तयारी मात्र त्याच काळात करायची असते. ती पोकळी हा क्लब भरतो. (डी.डी.एस. आणि डी.एम.डी. ही डेंटल स्कूलच्या एकाच पदवीची दोन नावं आहेत. त्यावरून वाद घालणाऱ्याला खुशाल हसा.) आणि बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: कलकत्त्यात १९२० साली भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद इथलेच, १९१५ साली याच आयोवा विद्यापीठातून डी.डी.एस. झालेले.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची मुलगी पुण्यात बी.डी.एस. झाली आहे. तिला हे पत्र देऊ नका, तिचा रस्ता निराळा. परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांचे अर्ज 'कॅपिड'मधून जातात आणि 'आय.एन.बी.डी.ई.' ही परवान्यासाठीची लेखी परीक्षा असते. तिच्यासाठी वेगळं लिहीन.

आता क्लब. बाबा, तुम्ही इतकी वर्षं गणपती मंडळाचे खजिनदार होतात, तेव्हा निम्मं तुम्हाला ठाऊकच आहे. वर्गणी, पावत्या, हॉलचं आरक्षण, आयत्या वेळी दांडी मारणारे पाहुणे. फरक एवढाच की गणपती दरवर्षी येतो आणि इथे कार्यकर्तेच दरवर्षी पदवी घेऊन निघून जातात. म्हणून निवडणूक एप्रिलमध्ये घ्यायची, मेमध्ये नाही. नव्या-जुन्या मंडळींनी शेवटच्या दोन सभा मिळून चालवायच्या. बँकेतली सही, ईमेलचा पासवर्ड, दवाखान्यांची यादी हे सगळं सुट्टी लागण्याआधी हाती द्यायचं आणि ईमेल क्लबच्या नावाचा ठेवायचा, कुणा एकाचा नाही. बहुतेक क्लब भांडणाने बंद पडत नाहीत. ऑगस्टमध्ये नव्या अध्यक्षाला काहीच सापडत नाही, म्हणून बंद पडतात.

पदं पाचच पुरेत: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सेवाकार्याचा एक आणि दवाखान्यांशी बोलणारा एक. बारा पदं काढली की अर्जात लिहायला नावं मिळतात आणि खुर्च्या कोण लावणार हा प्रश्न तसाच राहतो.

सगळं वर्ष उलट मोजायचं. बहुतेक डेंटल स्कूलचे अर्ज 'ॲडसास' या एकाच सामायिक ठिकाणी भरतात. अर्ज मेमध्ये उघडतो आणि साधारण जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. मुलाखती पानगळीत, प्रवेशाची पत्रं डिसेंबरपासून. जागा भरत जातात, त्यामुळे सप्टेंबरात पाठवलेला चांगला अर्जही जूनमधल्या बऱ्या अर्जाच्या मागे पडू शकतो. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिफारसपत्रं मार्च-एप्रिलमध्येच मागायला लावायची. मेनंतर प्राध्यापक सापडत नाहीत. ॲडसासमध्ये जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात, आणि बऱ्याच कॉलेजांना दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची लागतात. निबंधाची मर्यादा ४,५०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. क्लबने फेब्रुवारीत एक संध्याकाळ निबंध अदलाबदल करून वाचायला ठेवावी. 'लहानपणी मला ब्रेसेस होत्या' असं सुरू होणारे निबंध किती निघतात ते तिथेच कळतं आणि मुलं आपणहून सुरुवात बदलतात.

प्रवेशपरीक्षा म्हणजे 'डॅट'. २८० प्रश्न आणि नुसत्या सोडवण्याचा वेळ ४ तास १५ मिनिटं. विज्ञान १०० प्रश्न ९० मिनिटांत, वाचन ५० प्रश्न ६० मिनिटांत, गणित ४० प्रश्न ४५ मिनिटांत. मुलं घाबरतात ती उरलेल्या भागाला: आकृत्यांचे ९० प्रश्न, ६० मिनिटं. कोन लहानमोठे लावायचे, वस्तू कोणत्या भोकातून जाईल ते सांगायचं, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते ओळखायचं. हे पुस्तकात बघून येत नाही. चौकोनी कागदावर आडवे-उभे चार-चार, असे १६ चौकोन आखायचे, खरोखर घडी घालायची, पंचिंग मशीनने भोक पाडायचं, आधी उत्तर लिहायचं आणि मग उलगडायचं. ठोकळे मोजण्याच्या प्रश्नांसाठी लाकडी ठोकळे रचायचे. तिथे हमखास दोन चुका होतात: तळाची बाजू रंगवलेली नसते हे विसरतात, आणि मागे दडलेला ठोकळा मोजत नाहीत. (गुण पूर्वी १ ते ३० असे मिळायचे, मार्च २०२५ पासून २०० ते ६०० असे मिळतात. जुन्या मुलांचे आकडे ऐकून नव्यांनी घाबरू नये.)

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वर्षभर पाहुण्यांची भाषणं आणि पिझ्झा, एवढंच असेल तर ऑक्टोबरपर्यंत साठांतले बारा उरतात. मुलांच्या हाताला काम दिलं की ती येतात. हे काम हाताचं आहे आणि ते आपल्याला आवडतं का, हे भाषणातून कळत नाही. पहिल्याच महिन्यात अंगठ्याचं माप (म्हणजे ठसा) घ्यायला लावा.

बाबा, तुमच्या कवळीसाठी तोंडात जो गार लगदा भरला होता ना, तेच ते अल्जिनेट. एकमेकांच्या तोंडात मात्र अजिबात घालायचं नाही. या मुलांकडे परवाना नाही, आणि लगदा घशाकडे गेला तर काय करायचं हे त्यांना शिकवलेलं नाही. अंगठ्यावर हौस भागते.

वीस मुलांना अल्जिनेटचा ४५४ ग्रॅमचा एक डबा पुरतो. दर मुलामागे डब्यातल्या चमच्याने २ चमचे भुकटी, म्हणजे साधारण १६ ग्रॅम, आणि सोबतच्या मापाने २ मापं पाणी, म्हणजे सुमारे ३८ मि.लि. कागदाचा ९० मि.लि.चा छोटा कप. इतकं करूनही सात-आठ फसलेल्या मापांपुरती भुकटी उरते, आणि ती लागतेच. भुकटी मोजून घेण्याआधी डबा बंद ठेवूनच दोन-तीनदा उलटासुलटा करायचा. आई, हरभऱ्याचं पीठ डब्यात दाबून बसलं की वाटीत जास्त भरतं, तसंच हे. मग झाकण लगेच उघडायचं नाही, बारीक धूळ नाकात जाते. पाणी खोलीच्या तापमानाचं, २० ते २३ अंश. इथे जानेवारीत नळाला बर्फासारखं पाणी येतं, त्यात लगदा लवकर घट्टच होत नाही. गरम घेतलं तर कपात ओतायच्या आतच वाडग्यात थिजतो. रबरी वाडग्यात आधी पाणी, त्यावर भुकटी, आणि ४५ सेकंद वाडग्याच्या कडेला चेपून चेपून घोटायचं. नुसतं ढवळलं तर गाठी राहतात. श्रीखंडासारखा तुकतुकीत झाला की कपात ओतायचा आणि अंगठा पहिल्या पेरापर्यंत सरळ आत घालायचा. कपाच्या तळाला टेकवायचा नाही, हलवायचा नाही. दोन-तीन मिनिटांनी कडेचा लगदा बोटाला चिकटेनासा झाला की अंगठा एका झटक्यात बाहेर. हळूहळू काढला तर कड फाटते. अल्जिनेट झटक्याला जास्त टिकतं.

त्यात ओतायचं ते पिवळं डेंटल स्टोन (प्लॅस्टरसारखी भुकटी): १०० ग्रॅमला ३० मि.लि. पाणी. तेवढ्यात तीन अंगठे होतात, वीस जणांना एक किलो भरपूर. इथे, आई, तुझं पेरून केलेलं पिठलं आठवायचं. पाण्यावर भुकटी पेरायची, भुकटीवर पाणी नाही. ओतताना कपाच्या एका बाजूने थोडं थोडं सोडायचं आणि कप टेबलावर आपटत राहायचं, म्हणजे स्टोन आपोआप वाहत तळाला जातं. एकदम ओतलं की अंगठ्याच्या टोकाशी हवा अडकते आणि नखाच्या जागी खड्डा येतो. माप घेतल्यावर दहा मिनिटांच्या आत ओतायचं. उघडं ठेवलं तर अल्जिनेट सुकून आकसतं, पाण्यात ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. थांबावंच लागलं तर ओल्या कागदी रुमालात गुंडाळावं.

घट्ट व्हायला पाऊण ते एक तास. कप हाताला गरम लागतो, मग निवतो. म्हणून सभेच्या पहिल्या वीस मिनिटांत माप आणि ओतणं उरकायचं आणि त्या दिवशीच्या पाहुण्याला नंतर बोलायला लावायचं. आपला अंगठा कपात आहे म्हटल्यावर भाषण सोडून कुणी जात नाही. शेवटी कप फाडायचा, लगदा सोलायचा, आणि आत नखाची रेघ न रेघ उमटलेला पिवळा अंगठा. एक सक्त ताकीद: स्टोनचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते नळीत जाऊन दगड होतं, आणि मग ती खोली क्लबला पुन्हा मिळत नाही. उरलेलं वाडग्यातच घट्ट होऊ द्यायचं, वाडगा दाबला की सुटून येतं, ते कचऱ्यात टाकायचं.

पुढच्या महिन्यांत साबण कोरणं, तार वाकवणं, मेणाचा दात असं चढत जाता येतं. मेणाला उघडी ज्योत लागते, त्यामुळे त्याची परवानगी आधी काढायची.

दवाखान्यात उभं राहून बघणं, ज्याला इथे शॅडोइंग म्हणतात, त्याचे साधारण १०० तास असावेत असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. कॉलेजागणिक आकडा बदलतो. चूक अशी होते की सगळी मुलं गावातल्या त्याच दोन डॉक्टरांना फोन करतात आणि ते वैतागून बंदच करतात. म्हणून क्लबचा एकच माणूस बोलेल. यादीत दवाखाना, चालणारा वार, एका वेळी किती मुलं (एकच बरं) आणि शेवटचं मूल कधी गेलं, एवढे रकाने. फोन सोमवारी सकाळी करू नये, त्या वेळी शनिवार-रविवारचे दुखरे दात रांगेत असतात. फक्त साध्या दवाखान्यात नाही, मुलांचे, हिरड्यांचे, ब्रेसेसचे डॉक्टरही बघावेत.

उभं कुठे राहायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. रुग्णाचं तोंड घड्याळाच्या मधोमध आणि टाळू बाराच्या आकड्याकडे आहे असं धरा. उजव्या हाताचे डॉक्टर सात ते बाराच्या मध्ये बसतात, मदतनीस दोन ते चारमध्ये, आणि हत्यारांची देवाणघेवाण चार ते सातमध्ये, रुग्णाच्या छातीवरून चालते. तिथे कधीही मान घालायची नाही. मदतनिसाच्या खांद्यामागे उभं राहायचं, दिव्याच्या आड यायचं नाही, फिलिंग घट्ट करायच्या निळ्या प्रकाशाकडे टक लावून बघायचं नाही. बंद बूट, केस बांधलेले, फोन बाहेर. आणि पोटात काहीतरी हवं. पहिल्यांदा दात काढताना बघून धडधाकट मुलंही गळपटतात. गुडघे ताठ ठेवून तासभर उभं राहिलं तर हमखास. घाम आला, कानात गुणगुणलं की लाज न बाळगता जमिनीवर बसावं. उभ्याने पडून डोकं फोडण्यापेक्षा बरं. त्याच रात्री वहीत तारीख, तास, डॉक्टर आणि काय पाहिलं ते लिहायचं. रुग्णाचं नाव नाही, खूणही नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या १९९६ च्या 'हिपा' कायद्याची इथे दवाखान्यांना खरोखर भीती असते. न केलेल्या तासांवर क्लबने सही करायची नाही, मैत्री कितीही असली तरी.

सेवाकार्याचं थोडक्यात. फेब्रुवारी हा इथे मुलांच्या दातांचा महिना, तेव्हा प्राथमिक शाळेत ब्रश शिकवायला जाता येतं. शाळेची परवानगी नाताळच्या सुट्टीआधीच मागायची. टूथपेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, हे मुलांपेक्षा त्यांच्या आयांना सांगावं. मोफत शिबिरांत रुग्णांची नोंद करणं, रांग सांभाळणं, हत्यारं धुण्याच्या टेबलापर्यंत ट्रे नेणं अशी कामं मिळतात. परदेशी 'सेवासहली' विकणाऱ्या कंपन्यांपासून मात्र दूर राहावं. तिथे गरिबांचे दात न शिकलेल्या मुलांना काढू देतात. इथे जे करायला बंदी आहे ते तिथे चालतं असं मानणारा मुलगा मुलाखतीत सांगायला लागला की समोरच्यांचे चेहरे बदलतात. बदलायलाच हवेत.

वर्गणी वीस डॉलर ठेवा आणि हिशेब दर सभेत फळ्यावर लिहा. बाबा, यात तुम्हाला मी काय शिकवणार.

जाता जाता, कवळीचं. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नाही, ॲक्रिलिक वाकडं होतं आणि मग हिरडीला टोचतं. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. आई, वाडगं खिडकीत नको ठेवूस, मागच्या वेळी मांजराने पाडलं होतं म्हणालीस. खाली टॉवेल पसरून बेसिनवर धुवा, म्हणजे हातातून सुटली तरी तुटणार नाही.

तुमची,
सौ. ताई